खुबा मोडलाय: रॉड, प्लेट की बॉल? ठरवायचं कसं

"डॉक्टर, प्लेट नको, रॉडच टाका. आमच्या पाव्हण्यांना रॉड टाकलाय, तिसऱ्या दिवशी चालत बाथरूमला गेले." खुब्याचं फ्रॅक्चर आलं की पेशंटच्या मागोमाग हे वाक्य येतंच. कधी उलटं येतं: "रॉड नको मॅडम, शेजारच्या काकांचा आतल्या आत मोडला." मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी हाडांची डॉक्टर आहे. पाव्हण्यांचं हाड कुठं मोडलं होतं आणि तुमच्या आईचं कुठं मोडलंय हे बघितल्याशिवाय या दोन्ही वाक्यांना काही अर्थ नाही. रॉड की प्लेट हा प्रश्न खरं तर तिसरा. पहिला, मोडलंय कुठं. दुसरा, सरकलंय किती आणि आजूबाजूचं हाड शाबूत आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तिसरा बऱ्याचदा आपोआप सुटतो. जिथं सुटत नाही, तिथंच डॉक्टरांशी बोलायला बसायचं.

आधी फोटो नीट काढून घ्या

नुसत्या दुखऱ्या बाजूचा एक फोटो, म्हणजे एक्स-रे, घेऊन येऊ नका. दोन्ही खुबे एकाच फिल्मवर हवेत, म्हणजे मोडक्या बाजूला चांगल्या बाजूशी ताडून बघता येतं. खुबा मोडला की पाऊल बाहेर कलतं, पाय आखूड दिसतो. तशा वळलेल्या पायाचा फोटो फसवतो, त्यात हाडाची मान आहे त्यापेक्षा आखूड दिसते. म्हणून पाय हलकेच ओढून, साधारण १५ अंश आत वळवून दुसरा फोटो काढतात. ती ओढ डॉक्टरांनी धरायची, मुलानं किंवा जावयानं नाही. शिवाय बाजूनं काढलेला फोटो, लॅटरल, हवाच. समोरून ठीक दिसणारं हाड बाजूनं बघितलं की मागं कललेलं निघतं.

कधी फोटो साफ असतो, पण म्हातारं माणूस पायावर भार द्यायला तयार नसतं आणि जांघेत दुखतं म्हणतं. तिथं मुका मार म्हणून तेल चोळत बसू नका. न सरकलेली बारीक रेघ एमआरआयमध्ये सापडते. आठवडाभर हाडवैद्याकडं पाय चोळून घेतला तर तीच रेघ सरकते, आणि मग तीन स्क्रूंत भागणारं काम बॉल, म्हणजे हाडाच्या टोकाचा चेंडू, बदलण्यावर जातं.

बोट ठेवा, कुठं मोडलंय

मांडीच्या हाडाच्या टोकाला चेंडू असतो, तो कमरेच्या वाटीत बसतो. चेंडूखाली मान. मान संपते तिथं बाहेरच्या बाजूला एक मोठा उंचवटा, कुशीवर झोपल्यावर गादीत रुततो तो. आतल्या बाजूला, जरा खाली, एक छोटा उंचवटा. त्याखाली हाडाचा सरळ दांडा सुरू होतो.

मानेत मोडलं तर नेक फ्रॅक्चर. दोन उंचवट्यांच्या मधून मोडलं तर इंटरट्रोकँटेरिक, आमच्या तोंडी इंटरट्रॉक. छोट्या उंचवट्याच्या खाली पाचेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात मोडलं तर सबट्रॉक. रिपोर्टवर इंग्रजीत काहीही लिहिलेलं असू दे, डॉक्टरांना सांगा, फोटोवर बोट ठेवून दाखवा. बोट मोठ्या उंचवट्याच्या वर आहे की खाली, एवढं कळलं तरी पुढची निम्मी चर्चा कळते.

याचं कारण रक्तपुरवठा. चेंडूला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला चिकटून, मागून आणि वरून चढत जातात. मान मोडून सरकली की त्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, तुटतातही. मग हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. आणि जुळलं तरी वर्ष-दोन वर्षांनी चेंडू वाळून बसू शकतो. इंटरट्रॉकमध्ये असलं संकट नाही. तिथलं हाड मऊ, जाळीदार, रक्तानं भरलेलं. जुळायची त्याला घाईच असते. तिथली भीती वेगळी: जुळेल खरं, पण वाकडं जुळेल, किंवा जुळायच्या आधीच आतलं लोखंड ठिसूळ हाड कापत बाहेर येईल. थोडक्यात, मानेत प्रश्न रक्ताचा आणि उंचवट्यांत प्रश्न वजनाचा.

मान मोडली असेल तर

यात पहिली वाटणी सरकलंय की नाही यावर. १९६१ साली गार्डन नावाच्या ब्रिटिश सर्जननं केलेले चार प्रकार आम्ही आजही वापरतो. पहिले दोन न सरकलेले, पुढचे दोन सरकलेले. व्यवहारात या दोन गटांपलीकडं फार ताणायची गरज पडत नाही.

न सरकलेलं असेल तर वय कितीही असो, साधारणपणे स्क्रू. एकमेकांना समांतर तीन पोकळ स्क्रू, उलट्या त्रिकोणात: एक खाली मानेच्या कडेला लागून, दोन वर. कातडीला छोटासा छेद पुरतो, रक्त जवळजवळ जात नाही. स्क्रू दांड्यात शिरतात ती जागा छोट्या उंचवट्याच्या पातळीखाली जाता कामा नये, नाही तर त्या भोकांतून पुढं हाड मोडतं. काही पेशंट या प्रकारात चालत येतात, कारण मान मोडून एकमेकीत रुतून बसलेली असते. "चालतोय की, मग ऑपरेशन कशाला?" असं विचारतात. कारण रुतलेलं हाड एखाद्या दिवशी सुटतं, आणि मग वर सांगितलं तसं सगळं गणित बदलतं.

स्क्रू की डीएचएस (एक जाड स्क्रू आणि बाहेरून प्लेट), यावर मोठी चाचणी झाली आहे. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फेथ चाचणीत ५० वर्षांवरच्या हजाराहून अधिक लोकांची तुलना केली. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखं, साधारण पाचात एक. डीएचएसमध्ये चेंडू वाळण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. मात्र विडी-सिगारेट ओढणारे, आणि ज्यांची मान पार तळाशी मोडलीय असे लोक, यांना डीएचएस बरं पडलं. माझा स्वतःचा कल या चाचणीच्या आधीपासून तोच होता: तळाशी मोडलेली किंवा उभी रेघ असलेली मान दिसली की नुसत्या तीन स्क्रूंवर मी विसंबत नाही. रेघ जितकी उभी तितकं वजन तिच्यावरून घसरतं. अशा वेळी डीएचएस आणि त्याच्यावर फिरू न देणारा एक जादा स्क्रू.

सरकलेलं असेल आणि माणूस म्हातारं असेल, तर जोडत बसू नये, बॉल बदलावा. इथं मी कुणाला फार वेळ विचार करू देत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला आधी स्क्रू, मग सहा महिने खाट, मग ते निघाले म्हणून पुन्हा भूल देऊन बॉल, हा प्रवास सगळ्यांना सोसत नाही. बॉल बदलला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार देता येतो.

आता बॉलचे प्रकार. फक्त चेंडू बदलायचा आणि वाटी तशीच ठेवायची तर अर्धा सांधा. त्यात जुन्या पद्धतीचा एकसंध ऑस्टिन मूर किंवा थॉम्पसन, नाही तर चेंडूत चेंडू फिरणारा बायपोलर. चेंडू आणि वाटी दोन्ही बदलली तर टोटल हिप. टोटल महाग आणि मोठं ऑपरेशन, म्हणून ते चांगलंच असणार असं नातेवाइकांना वाटतं. हेल्थ या चाचणीनं तो समज बराच खाली आणला. दहा देशांतले १,४९५ पेशंट, २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये निकाल: दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलेले टोटलमध्ये ७.९ टक्के, अर्ध्या सांध्यात ८.३ टक्के. चालण्या-फिरण्यात टोटल किंचित सरस, पण तो फरक रोजच्या जगण्यात फारसा जाणवण्याजोगा नव्हता. त्यामुळे घरातल्या घरात फिरणाऱ्या, विसरभोळ्या झालेल्या आज्जींना बायपोलर पुरे. जो माणूस मोडायच्या आधी काठीशिवाय बाजारहाट करत होता, डोकं शाबूत आहे, आणि पुढं दहा-पंधरा वर्षं चालायचंय, त्याला टोटलचा विचार करा. वाटीत आधीच संधिवात असेल तर टोटलच.

सिमेंट घालायचं का? म्हाताऱ्या, पोकळ हाडात घालावं. २०२२ सालच्या ब्रिटनमधल्या चाचणीत सिमेंट घातलेल्यांचं जगणं थोडं बरं होतं आणि सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण कमी होतं. सिमेंट भरताना रक्तदाब अचानक पडू शकतो हे खरं, म्हणून भूलतज्ज्ञाला मी आधी आवाज देते, हाडाची नळी स्वच्छ धुऊन कोरडी करते, मगच भरते. हृदय फारच कमजोर असेल तर सिमेंट टाळण्याचा निर्णय आम्ही दोघं मिळून घेतो.

मधल्या वयाचं काय

खरी डोकेदुखी इथं आहे. पंचावन्न ते पासष्टच्या दरम्यानचा माणूस, मान मोडून पूर्ण सरकलेली. पुस्तकं म्हणतात, तरुणात आपलं हाड वाचवा, म्हाताऱ्यात बदला. आणि हा बरोबर मध्ये.

माझ्याकडं अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी आले होते, मोटरसायकलवरून घसरलेले. ऊस, दोन म्हशी, धार स्वतः काढणारे. बायपोलर केला असता तर महिन्याभरात घरभर हिंडले असते. पण उकिडवं बसणं, मांडी घालणं, संडासला खाली बसणं, हे सगळं मी बंद करायला सांगितलं असतं, कारण मागच्या बाजूनं बसवलेला बॉल अशाच बसण्यात निखळतो. शिवाय पंधरा-वीस वर्षांनी तो झिजला की दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. जोडलं, तर आपलं हाड राहतं आणि जुळल्यावर बसायला मोकळीक. पण दोन-तीन महिने कुबड्या, आणि दोन वर्षं चेंडू वाळण्याची टांगती तलवार. त्यांची फोटोतली हाडाची जाडी चांगली होती, मधुमेह नव्हता, तंबाखू होती. मी दोन्ही बाजू मांडल्या. ते म्हणाले, "माझं हाड राहत असलं तर ठेवा, वाळलं तर बघू." तेवढं ऐकल्यावर डीएचएस आणि जादा स्क्रूनं जोडलं. ओढून आणि वळवून हाड मनासारखं बसेना, तेव्हा पुढून उघडून डोळ्यानं बघून बसवलं.

या वयात मी तीन गोष्टी तोलते: हाडाची जात, माणसाचं बसण्या-उठण्याचं काम, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर त्याची तयारी आहे का. वय त्यानंतर. आणि तिशी-चाळिशीतला माणूस असेल तर चर्चाच नको, जोडायचंच, लवकर जोडायचं, आणि जागच्या जागी बसवूनच जोडायचं. मानेच्या फ्रॅक्चरला "थोडं वाकडं चालेल" हे सूत्र लागू नाही.

दोन उंचवट्यांमधून मोडलं असेल तर

आता रॉड आणि प्लेटचा खरा सामना. प्लेट म्हणजे डीएचएस: चेंडूत शिरणारा एक जाड स्क्रू, तो दांड्याच्या बाहेरून बसवलेल्या प्लेटच्या नळीत मागेपुढे घसरू शकतो. नळी आणि प्लेटमधला कोन बहुधा १३५ अंशांचा. पेशंटनं पाय टेकला की स्क्रू थोडा घसरतो, मोडलेली दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात, आणि हाड जुळतं. पाय काही मिलिमीटर आखूड होतो, ते चालतं. रॉड म्हणजे पीएफएन: मोठ्या उंचवट्याच्या टोकातून दांड्याच्या पोकळीत उतरवलेला खिळा, आणि त्याच्यातून आरपार चेंडूत गेलेला एक किंवा दोन स्क्रू.

भिंतीबाहेर आलेल्या सज्जाचं वजन बाहेरून ठोकलेल्या ब्रॅकेटवर पेलायचं की भिंतीच्या आतून आलेल्या सळईवर, तसा हा फरक. रॉड वजनाच्या रेषेच्या जवळ असतो म्हणून त्याच्यावर येणारा पीळ कमी. पण भिंत धड असेल तर ब्रॅकेटही वर्षानुवर्षं टिकतं. इंटरट्रॉकमध्ये ही भिंत म्हणजे मोठ्या उंचवट्याखालची बाहेरची बाजू, लॅटरल वॉल. फोटोत मी सगळ्यात आधी तिच्याकडं बघते.

तीन प्रकार धरा. ए१: एकच तिरपी रेघ, दोन तुकडे, बाहेरची भिंत जाड. ए२: छोटा उंचवटा तुटून वेगळा, भुगा झालेला, आणि बाहेरची भिंत पातळ. एओ या हाडांच्या सर्जनांच्या संस्थेच्या २०१८ सालच्या वर्गीकरणात ही भिंत २०.५ मिलिमीटरच्या आत असेल तर ए२ धरतात. ए३: रेघ उलटी, म्हणजे आतून वर सुरू होऊन बाहेर खाली उतरणारी, किंवा आडवी, भिंत स्वतःच मोडलेली.

ए३ ला डीएचएस लावू नये. तिथं स्क्रू घसरला की हाड दाबलं जात नाही, दांडा आतल्या बाजूला पळतो. रॉड, तोही लांब. यावर वाद नाही.

ए१ ला डीएचएस पुरेपूर चालतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०११ सालच्या मार्गदर्शनात ए१ आणि ए२ साठी रॉडऐवजी डीएचएसच सुचवलं होतं. इनसाइट ही साडेआठशे पेशंटची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही या दोन प्रकारांत रॉड आणि डीएचएस यांच्यात वर्षभरानंतर जगण्याच्या दर्जात फरक निघाला नाही. डीएचएस स्वस्त, सामान कुठंही मिळतं, पुन्हा काढायला सोपं. त्यामुळे साध्या ए१ फ्रॅक्चरला "लेटेस्ट रॉड" म्हणून कुणी जादा खर्च सांगत असेल तर विचारा, भिंत जाड आहे ना, मग डीएचएस का नको? उत्तर "मला रॉडचा हात बसलाय" असं आलं तर तेही उत्तर मी रास्त मानते. सर्जनचा सरावाचा हात ही छोटी गोष्ट नाही.

ए२ मध्ये मात्र माझं मत कागदावरच्या चाचण्यांपेक्षा थोडं पलीकडं जातं. भिंत पातळ असली की डीएचएसचं भोक पाडणारं जाडजूड रीमर स्वतःच ती भिंत फोडू शकतं. टेबलावर ए२ होतं, प्लेट लावेपर्यंत ए३ झालं, असं घडतं. म्हणून पातळ भिंतीला मी रॉड घेते.

रॉड म्हणजे निर्धास्त, असंही नाही. दोन स्क्रूच्या पीएफएनमध्ये एक स्क्रू वाटीच्या दिशेनं आत जातो आणि दुसरा बाहेर निघतो, याला झेड इफेक्ट म्हणतात. आपल्याकडच्या बारीक अंगकाठीच्या बायकांची मान इतकी निमुळती असते की दोन स्क्रू शेजारी बसवताना एक तरी कडेला जातो. तिथं एकच पिळदार पातं असलेला पीएफएनए बरा. पातं ठोकून बसवतात, हाड उकरून काढत नाही, उलट भोवतीचं हाड दाबून घट्ट करतं. (हातोडा मारताना बघून एका आज्जींच्या नातवानं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही सुतारकाम पण शिकता का?" व्हिडिओ बघून आला होता तो.) रॉडच्या खालच्या टोकाशी मांडी दुखू शकते, क्वचित तिथंच हाड मोडतं. लांब रॉड म्हाताऱ्या, पुढं कमानदार झालेल्या हाडात उतरवताना गुडघ्याच्या वर पुढच्या भिंतीला टोचतो, म्हणून उंची-बांधा बघून निवडावा लागतो.

ऑपरेशन थिएटरात काय घडतं ते थोडं जवळून सांगते, कारण निकाल तिथं लागतो. पेशंट पाठीवर, पाऊल फ्रॅक्चर टेबलच्या बुटात बांधलेलं. मी ओढ देते, पाय आत वळवते, सी-आर्मच्या, म्हणजे टेबलावरच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर समोरून आणि बाजूनं बघते. मानेचा आणि दांड्याचा कोन नीट जमला पाहिजे, निदान १३० अंश. त्यापेक्षा खाली पडलेला चेंडू मी तसा ठेवून पुढं जात नाही. रॉड हाड जागेवर आणत नाही, आणलेलं हाड धरून ठेवतो. मोडलेल्या जागेतून रीमर घातला की तो तुकड्यांमध्ये पाचर मारतो, चेंडूकडचा भाग आत आणि दांडा बाहेर फाकतो. म्हणून रीमर फिरत असताना असिस्टंटनं बाहेरून हातानं मांडी आत दाबून धरायची. एवढ्या एका दाबानं पुढचे तीन महिने सुखाचे जातात.

मग स्क्रूचं टोक कुठं थांबतं ते. १९९५ साली अमेरिकेतल्या बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं माप दिलं: समोरच्या फोटोत स्क्रूच्या टोकापासून चेंडूच्या शिखरापर्यंतचं अंतर, अधिक बाजूच्या फोटोत तेच अंतर. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत. त्यांच्या पाहणीत २५ च्या आत असलेला एकही स्क्रू हाड कापून बाहेर आला नव्हता. आजही मी ऑपरेशननंतरच्या फोटोवर हे मोजते. फोटो मोठा दिसतो म्हणून स्क्रूची खरी जाडी घेऊन त्या प्रमाणात माप कमी करायचं. स्क्रू चेंडूच्या मधोमध, किंवा समोरून बघता किंचित खाली, चालतो. वरच्या पुढच्या कोपऱ्यात गेलेला स्क्रू दिसला की मला झोप लागत नाही. पात्याच्या रॉडला मात्र अगदी टोकापर्यंत ठोकू नये, ते आरपार वाटीत जाण्याची भीती असते. चांगल्या जागी बसलेलं साधं डीएचएस, वाईट जागी बसलेल्या भारी कंपनीच्या रॉडला सहज हरवतं. तुमच्या डॉक्टरांना ऑपरेशननंतर हे अंतर विचारा. रागावणार नाहीत, उलट खूश होतील.

बॉल बदलणं इंटरट्रॉकमध्ये पहिला पर्याय नाही. हाड जुळण्याजोगं असताना काढून टाकायचं कशाला? आधीचं लोखंड निकामी झालं असेल, किंवा खुब्यात आधीच जबर संधिवात असेल तेव्हाच.

छोट्या उंचवट्याच्या खाली

सबट्रॉकला लांब रॉड, एवढंच धरून चाला. इथं स्नायू वरचा तुकडा पुढं, बाहेर आणि वळवून खेचतात, त्यामुळे टेबलावर ओढून हाड जमत नाही आणि बऱ्याचदा छोटा छेद देऊन पकडीनं धरावं लागतं. जुळायला वेळ लागतो. बाहेरून प्लेट लावली तर रोजच्या चालण्यानं ती थकून मोडण्याचं प्रमाण जास्त.

एक खूण विसरू नका. वर्षानुवर्षं हाडांच्या ठिसूळपणाची आठवडी गोळी घेणाऱ्या बाईंना काही आठवडे मांडी दुखत होती, आणि मग नुसतं उभं राहताना हाड आडवं मोडलं, असं असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. हे वेगळ्या जातीचं फ्रॅक्चर असतं. गोळी थांबवायची असते आणि दुसऱ्या मांडीचाही फोटो काढायचा असतो, कारण तिथंही तीच तडा सुरू झालेली असू शकते.

कधी, आणि पैशाचं

शक्यतो एक-दोन दिवसांत. २०२० सालच्या हिप अटॅक चाचणीत सहा तासांच्या आत ऑपरेशन करण्याचं ध्येय ठेवून बघितलं. मृत्यूचं प्रमाण साधारण २४ तासांनी ऑपरेशन होणाऱ्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी झालं नाही, पण भ्रम होणं कमी झालं आणि माणसं लवकर उठली. तेव्हा रात्री तीनला हट्ट नको. पण "अमावस्या झाल्यावर करू" म्हणून चार दिवस खाटेवर ठेवणं, हे मात्र फुप्फुसं आणि पाठ दोन्हींवर बेततं. फिटनेससाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा असेल तर करा, पण त्याची अपॉइंटमेंट परवाची असेल तर भूलतज्ज्ञाला फोन करून विचारा की तो खरंच लागणार आहे का. पायाला वजन लावून ठेवल्यानं ऑपरेशनआधीचं दुखणं फारसं कमी होतं असा पुरावा नाही. मांडीखाली उशी आणि जांघेतला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, जास्त कामाचा.

महात्मा जोतिराव फुले योजनेत बसत असेल तर ॲडमिट होतानाच रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि कोणतं इम्प्लांट मंजूर होतंय ते विचारा. स्टील की टायटॅनियम यावर फार भांडू नका. दोन्हींवर हाडं जुळतात.

ऑपरेशननंतर

दुसऱ्या दिवशी खाटेवर बसवायचं, जमलं तर वॉकर धरून उभं करायचं. म्हाताऱ्या माणसाला "अर्धाच भार द्या" हे जमत नाही, म्हणून मी असं बसवायचा प्रयत्न करते की पूर्ण भार चालेल. तरुणाच्या मानेतल्या स्क्रूंना मात्र भार उशिरा. बॉल बदललेल्यांनी कमोड, उंच खुर्ची, पायांमध्ये उशी. मांडी घालणं आणि पाय आत वळवून वाकणं बंद. रॉड किंवा प्लेटवाल्यांना हाड जुळल्यावर खाली बसायला हळूहळू परवानगी मिळते, आणि देवपूजेला पाटावर बसणाऱ्या आज्जींना हा फरक लोखंडाच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो. फोटो सहा आठवडे आणि तीन महिने, मानेचं जोडलं असेल तर दोन वर्षांपर्यंत.

बिल भरून घरी जाताना बहुतेक ठिकाणी एक गोष्ट राहून जाते: ठिसूळ हाडांचं औषध. व्हिटॅमिन डी आणि किडनीसाठीचं क्रिएटिनिन तपासून, ऑपरेशननंतर दोनेक आठवड्यांनी ते सुरू करता येतं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ९० दिवसांच्या आत दिलं तर पुढची फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं. डिस्चार्ज कार्डवर ते नसेल तर विचारा.

आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर, कंपनी, साइज आणि लॉट नंबर असलेलं, ऑपरेशनच्या कागदाला चिकटवून मागून घ्या आणि फोटोंच्या पाकिटात ठेवा. पुढं कधी रॉड काढायची वेळ आली तर त्या कंपनीचाच काढायचा स्क्रू लागतो, आणि स्टिकर नसलं की नव्या सर्जनला नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं.